पूर्ववत

"काय सर, पाय बरा झाला ना?"

गेली पावणेदोन वर्षे हा प्रश्न मला भेटेल तो माणूस विचारतो. बाजारात भाजीवाली विचारते, एस.टी.च्या थांब्यावर जुना विद्यार्थी विचारतो, लग्नाच्या पंक्तीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणासुद्धा मांडी घालताना होणारी माझी किंचित कसरत पाहून विचारतो. मी हसून उत्तर देतो, "बरा झाला की! अगदी पूर्ववत." लोकांना हेच उत्तर हवे असते. ते समाधानाने पुढे जातात. मात्र दर वेळी उत्तर देऊन झाल्यावर आपण थोडेसे खोटे बोललो, अशी रुखरुख मला लागून राहते.

मी एका लहान गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावी आणि त्यापुढे चित्रकलेची पदविका. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या उत्तरपत्रिकेबरोबरच संपला. पण चित्रकलेच्या शिक्षकाला एक खोड जडलेली असते. मुलांना घडा काढायला शिकवताना आम्ही आधी कागदावर एक उभी मध्यरेषा काढायला लावतो. डाव्या बाजूला घड्याचे पोट जेवढे फुगले असेल, तेवढेच ते उजव्या बाजूला फुगले पाहिजे. वर्षानुवर्षे अशा मध्यरेषा काढून काढून माझी नजर असमानता चटकन पकडते. अंघोळ करताना ती माझ्याच दोन पोटऱ्यांवर जाते. एकदा न राहवून मी शिंप्याची टेप घेऊन त्या मोजल्या. उजवी छत्तीस सेंटिमीटर भरली, डावी चौतीस. दोन सेंटिमीटरांचा हा फरक जगात कुणाला दिसत नाही. मला रोज दिसतो.

या दोन सेंटिमीटरांनी मला जो प्रश्न विचारायला लावला, तोच या लेखाचा विषय आहे. तुटलेली वस्तू सांधल्यावर ती 'पूर्ववत' व्हावी, अशी मागणी करण्याचा माणसाला अधिकार आहे का? आणि ती तुटण्यात दोष आपलाच असेल, तर?

घडले ते असे. परवाच्या वर्षी डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा खो-खोचा सामना ठरला. पाठलाग करणाऱ्या बाजूला नऊ जण लागतात. आम्ही शिक्षक जेमतेम सात भरलो, म्हणून आठवीतली दोन मुले आमच्या बाजूने घेतली. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसले, नववा धावू लागला. नववा म्हणजे त्या दोन मुलांतलाच एक. त्याचे नाव मी सांगत नाही. वर्गात तो माझा लाडका होता एवढे सांगतो. मधल्या सुट्टीत वही घेऊन तो माझ्याकडे यायचा. कधी बैल काढलेला असे, कधी वळणावर कललेली एस.टी., तर कधी तांदूळ निवडणारे आजीचे हात.

त्याने मागून माझ्या पाठीवर थाप मारली आणि "खो" म्हटले. मी उसळून उठलो, पहिले पाऊल रेटले, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या टाचेच्या वर कुणीतरी सणसणीत लाथ हाणली. फट् असा आवाजही मी ऐकला. मागे वळून पाहतो, तर तोच मुलगा उभा. काय होते आहे हे कळायच्या आत माझा हात उठला आणि सगळ्या मैदानासमोर त्याच्या गालावर बसला.

"सर, मी नाही... मी फक्त खो दिला," एवढेच तो म्हणाला.

मी पुढे पाऊल टाकायला गेलो, तर पाऊल माझे राहिलेच नव्हते. मी मातीत कोसळलो.

संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांनी मला पालथे झोपवले आणि दोन्ही पोटऱ्या एकामागून एक मुठीत दाबल्या. उजवी दाबली तेव्हा उजवे पाऊल खाली झुकले. डावी दाबली तेव्हा डावे पाऊल ढिम्म राहिले. थॉम्प्सन नावाच्या डॉक्टरांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. पोटरी आणि टाच यांच्यामधला दोर शाबूत असेल, तरच वरची ओढ खाली पोहोचते. माझा दोर तुटला होता.

"मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं असेल ना?" डॉक्टरांनी विचारले.

"वाटलं म्हणजे? मारलीच."

ते हसले. "कुणी मारली नाही, सर. हा दोर तुटतो तेव्हा बहुतेकांना असंच वाटतं. लोक मागं वळून बघतात कुणी मारलं ते. मागं कुणीच नसतं."

माझ्या मागे मात्र कुणीतरी होते. तो बिचारा माझ्या तडाख्यात सापडला होता.

पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या मी या दोराविषयी मिळेल ते वाचले. वैद्यकात त्याला अकिलीसची कंडरा म्हणतात. शरीरातल्या सगळ्या कंडरांत ही सर्वांत जाड आणि बळकट. धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण ती सोसते. तिच्या वरच्या टोकाला पोटरीचे स्नायू आणि खालच्या टोकाला टाचेचे हाड. ती तुटते ती बहुधा टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या टप्प्यात. आणि बहुधा तिशी-चाळिशीतल्या पुरुषांचीच, जे एरवी बसून काम करतात आणि एखाद्या दिवशी पुन्हा तरुण व्हायला निघतात! पोटरीच्या वरच्या स्नायूचे नाव गॅस्ट्रोक्नेमियस. हे अवघड नाव पाहून मी दचकलो होतो, पण त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'पायाचे पोट'. आपल्या 'पोटरी'लाही पोट आहेच की! त्याच्या खाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर पुढे कलंडू नये म्हणून तो मुकाट्याने राबत असतो.

या कंडरेला अकिलीसचे नाव मिळाले ते फिलिप व्हरहेयन या शरीरशास्त्रज्ञाच्या १६९३ सालच्या ग्रंथातून. हा गृहस्थ आधी धर्मशास्त्र शिकत होता. दुखण्यापायी स्वतःचा पाय कापावा लागला, तेव्हा तो वैद्यकाकडे वळला. अकिलीसची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. आईने त्याला अमर करण्यासाठी पवित्र नदीत बुचकळले, पण ज्या टाचेला तिने धरले होते ती कोरडी राहिली. तेवढीच जागा कच्ची. आपल्याकडे श्रीकृष्णाचा अंतही तळपायात रुतलेल्या व्याधाच्या बाणाने झाला. पण वाचता वाचता एका गोष्टीपाशी मी थबकलो. टाचेची ही कथा होमरच्या 'इलियड'मध्ये नाही. ती पुष्कळ नंतरची आहे. होमरच्या काव्याचा विषय आहे अकिलीसचा राग! त्या रागाने किती माणसे हकनाक मेली, हेच ते महाकाव्य सांगते. म्हणजे या वीराची खरी कच्ची जागा कोणती? टाच की राग? माझ्यापुरते उत्तर मला माहीत होते.

पण खरे सांगायचे तर राग हा माझा मोठा अपराध नव्हे. मोठा अपराध दुसऱ्या दिवशी सकाळी घडला.

सकाळी मुलाचे वडील त्याला घेऊन इस्पितळात आले. रात्री घरी त्याचे काय झाले होते, ते त्याच्या डोळ्यांवरून दिसत होते. खोलीत मुख्याध्यापक होते, दोन सहकारी होते, माझी पत्नी होती. वडील म्हणाले, "पड सरांच्या पाया." मुलाने वाकून माझ्या चांगल्या पायाला हात लावला. दुखऱ्या पायाला धक्का लागू नये, एवढे भान त्याला होते.

"चुकलं, सर," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मला खरे सांगितल्याला रात्र उलटून गेली होती. कुणीच लाथ मारलेली नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मी तोंड उघडलेही. पण सगळे जण माझ्याकडे आदराने पाहत होते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू दे, असू दे. मुलं आहेत, व्हायचंच."

केवढा हा मोठेपणा! न केलेल्या गुन्ह्याची मी त्याला क्षमा केली. वाचकहो, थप्पड रागात मारली जाते, तिला निदान क्षणाची सबब असते. ही क्षमा मी शांत डोक्याने केली. चोराने घरमालकालाच 'जा, तुला सोडून दिले' म्हणावे, तसला हा प्रकार होता. त्या दिवशी माझी शस्त्रक्रिया झाली. तासाभरात डॉक्टरांनी तुटलेली दोन टोके एकमेकांना शिवून टाकली. त्याच सकाळी मी एक दुसरा दोर तोडून ठेवला होता, आणि तो कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हता.

मग प्लॅस्टर आले. शिवलेल्या टोकांवर ताण येऊ नये म्हणून पाऊल खाली झुकवून, एखाद्या नर्तकीने चवडा ताणावा तसे ठेवले होते. पुढे प्लॅस्टर काढून बूट चढवायची वेळ आली. पाय उघडा झाला आणि माझ्या पोटात धस्स झाले. टाक्यांची जखम छान भरली होती, पण पोटरी? सुकलेल्या दोडक्यासारखी ती हाडाला लोंबत होती. मी घाबरून म्हटले, "डॉक्टर, तुम्ही दोर शिवलात, पण पोटरी कुठं गेली?" तिला तर कुणी सुरीही लावली नव्हती!

याचे उत्तर मला फिजिओथेरपीच्या बाईंनी दिले. त्या म्हणाल्या, "स्नायू फार हिशेबी असतो, सर. काम दिसलं नाही की तो खर्च बंद करतो." शरीरात स्नायूंची मोडतोड आणि बांधणी सदोदित चालू असते. हालचाल थांबली की बांधणी मंदावते, आणि थोड्या दिवसांतच स्नायू रोडावू लागतो. त्यातही सोलियससारखा, उभे राहण्याच्या कामी सदैव जुंपलेला स्नायू रिकामा बसला की फार खंगतो. म्हणजे तुटली ती कंडरा, आणि वाळली ती पोटरी. ज्याला मार लागला ते जोडले गेले, ज्याला मार लागलाच नाही ते केवळ विश्रांतीने क्षीण झाले.

हे ऐकताना मला त्या मुलाची आठवण झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. ती पुढे झाली.

बाईंनी व्यायाम सुरू केले. पहिल्यांदा खुर्चीवर बसून टाच उचलायची, मग दोन्ही पायांवर उभे राहून, मग हळूहळू डाव्यावर भार वाढवत. त्यांचा नियम असा होता की करताना थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असता कामा नये. असे का, ते त्यांनी समजावून सांगितले. शिवलेल्या जागी जे नवे तंतू येतात ते आरंभी पिंजलेल्या कापसासारखे वेडेवाकडे असतात. त्यांना दिशा मिळते ती ताणामुळे. ज्या रेषेत ओढ बसते त्या रेषेत ते हळूहळू रांग धरतात. ओढच बसली नाही तर ते गोंधळलेलेच राहतात. उलट घाई करून फार ओढले तर कच्चा सांधा लांबतो, आणि लांबलेला दोर पुन्हा आखूड होत नाही. विहिरीवरचा दोर सैल असला म्हणजे पहिला हात नुसती ढिलाई ओढण्यात जातो, घागर जागची हलत नाही. तसेच इथे. पोटरी आक्रसते, पण टाच पुरती उठत नाही.

थोडक्यात, सांध्याला दोन शत्रू. एक घाई आणि दुसरा आराम.

मार्चमध्ये मी काठी टेकत शाळेत गेलो. तो मुलगा आता शेवटच्या बाकावर बसत होता. पूर्वी तो दुसऱ्या बाकावर असे. मी वर्गात फिरताना तिसऱ्या बाकापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. मनाशी म्हणायचो, 'जाऊ दे काही दिवस. काळ हेच औषध. जखम आपोआप भरते.' किती शहाणपणाचे वाटतात हे शब्द! पण हे माझे प्लॅस्टर होते. शाळेत सगळ्यांची समजूत तीच होती, सरांचा पाय याने मोडला. मुले त्याला खेळायला घेत नसत. आणि मी, ज्याच्या एका वाक्याने हे थांबले असते, तो मी काळाच्या औषधावर विसंबून होतो.

जूनमध्ये शाळा पुन्हा उघडली, तेव्हा मला राहवेना. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी सगळ्या शाळेसमोर उभा राहिलो आणि सांगितले, "या मुलानं मला लाथ मारलेली नव्हती. दोर आपोआप तुटला. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं, तरी मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून माफी मागून घेतली. आज मी त्याची माफी मागतो." संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन वडिलांनाही तेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन त्यांनी स्वतः माझ्यासाठी पाणी आणले.

मुलगा म्हणाला, "ठीक आहे, सर."

मला फार हलके वाटले. सहकाऱ्यांनी माझ्या धैर्याची तारीफ केली. टाका पडला! आता सगळे पूर्ववत होणार, अशा समजुतीत मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खोलीचे दार उघडे ठेवून बसलो. तो आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, तो आला नाही. वर्गात मी जवळ गेलो की तो वहीवर हात ठेवी. एलिमेंटरीच्या परीक्षेला त्याने नाव दिले नाही. आणि मग मला जे वाटले ते सांगताना आजही शरम वाटते. मला त्याचा राग आला. 'सगळ्या शाळेसमोर मान खाली घातली, आणखी काय करायचे राहिले?'

त्याच सुमारास एकदा मी बाईंकडे कुरकूर केली, "टाके उत्तम बसले म्हणतात, मग टाच का उठत नाही? पूर्वीसारखी कधी होणार?" त्या शांतपणे म्हणाल्या, "टाका डॉक्टरांचा, सर. पोटरी तुमची. टाका एका तासात होतो. पोटरीला रोज उभं राहावं लागतं."

या वेळी मात्र मला त्या मुलाची आठवण झाली.

क्षमायाचना हा टाका आहे. तो आवश्यक आहे, त्याला धैर्य लागते, पण तो तासाभराचा आहे. मधल्या सहा महिन्यांत जे वाळले, त्या मुलाचा माझ्याजवळचा मोकळेपणा, चित्र दाखवण्याची त्याची ओढ, ते टाक्याने परत येत नाही. ते तुटले नव्हतेच! ते माझ्या टाळाटाळीत, माझ्या सोयीस्कर विश्रांतीत वाळले होते. आणि वाळलेल्यावर एकच उपाय असतो, रोज थोडा भार.

इथे एक मौजेची गोष्ट सांगतो. नॉर्वेमध्ये अशा पाचशेहून अधिक रुग्णांवर मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. काहींची कंडरा शिवली, काहींची न शिवता, पाऊल झुकवून आपोआप जुळू दिली. न शिवलेल्यांपैकी शंभरात सहांची कंडरा पुन्हा तुटली, शिवलेल्यांची शंभरात एकाहूनही कमी. तेव्हा टाक्याचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? पण वर्षअखेर 'तुमचा पाय कसा चालतो' असे रुग्णांनाच विचारले, तेव्हा सरासरीने दोन्हीकडची उत्तरे सारखीच निघाली. टाका पुन्हा तुटण्यापासून वाचवतो. पाय चालता करण्याचे उरलेले काम त्यानंतर सुरू होते.

आणि चालता झालेला पाय पूर्ववत होतो का? फिनलंडमधील डॉक्टरांनी या दुखण्याचे पन्नासहून अधिक रुग्ण सुमारे चौदा वर्षांनी पुन्हा तपासले. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. चौदा वर्षांनीही दुखऱ्या पायाची कंडरा सरासरी बारा मिलिमीटर लांबच होती, आणि सोलियस दुसऱ्या पायाच्या मानाने तेरा टक्क्यांनी लहान. चौदा वर्षे म्हणजे श्रीरामाचा वनवास! वनवासातून राम अयोध्येला परतले, पण ही पोटरी सगळीच्या सगळी परतली नाही. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. पायाचा अंगठा वाकवणारा, पोटरीच्या आत खोलवर असलेला एक स्नायू दुखऱ्या पायात पाच टक्क्यांनी मोठा झालेला आढळला. शेजाऱ्याची उणीव पाहून त्याने आपला खांदा पुढे केला होता.

हा आकडा वाचला आणि मला आमचे शिपाईमामा डोळ्यांसमोर दिसले. मी रजेवर असताना शाळेच्या दारातला फळा कोरा पडू लागला, तेव्हा मामांनी त्या मुलाच्या हातात रंगीत खडू दिले. "सर नाहीत तवर तू लिही सुविचार," म्हणाले. सगळी शाळा त्याला टाळत होती, तेव्हा एक माणूस रोज सकाळी त्याची वाट पाहत होता. तो अजूनही फळा लिहितो. भोवती वेलबुट्टी काढतो, कोपऱ्यात एखादे पाखरू बसवतो. ही चित्रे तो मामांना दाखवतो, मला नाही. पहिल्यांदा मला याचे वाईट वाटे. आता वाटत नाही. माझ्या जागी उभा राहून ज्याने भार पेलला, त्याचा हेवा कसला करायचा? त्याचे ऋण मानायचे.

पण इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. 'पूर्ववत काही होत नसते, थोडे उणे राहायचेच' हे तत्त्वज्ञान फार गोड आहे, आणि अपराध्याच्या तोंडी तर ते फारच सोयीचे आहे. ज्याने मोडले त्यानेच 'आता एवढ्यावर समाधान मान' म्हणावे, हा न्याय नव्हे. माझ्या पायाच्या बाबतीत दुखणे माझे आणि उणीवही माझी, तेव्हा तेरा टक्के सोडून द्यायचा अधिकार मला आहे. मुलाच्या बाबतीत मोडणारा मी आणि वाळलेला तो. तिथे किती उणे चालेल हे ठरवणारा मी कोण?

पुष्कळ दिवस मी या प्रश्नापाशी अडलो होतो. शेवटी मला सुचले ते असे. 'पूर्ववत' या मागणीत दोन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. एक म्हणजे याचे बळ याला परत मिळो. दुसरी म्हणजे माझ्या चुकीची खूण पुसली जावो. पहिली मागणी दुसऱ्यासाठी असते, दुसरी स्वतःसाठी. दार उघडे ठेवून मी ज्याची वाट पाहत होतो, तो मुलगा नव्हता. मी माझ्या निर्दोष रूपाची वाट पाहत होतो. तो मुलगा वही घेऊन आला की मी पुन्हा पूर्वीचा चांगला सर होणार होतो! ही मागणी त्याच्यावर लादणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा माझ्या पाया पडायला लावणेच होय. खूण राहू द्यावी. ती सोसणे एवढेच अपराध्याच्या वाट्याचे आहे. आणि बळ? त्यासाठी आपण आपला भार रोज द्यायचा, किती परत आले ते मोजायचा हक्क मात्र त्याचा.

तेव्हापासून मी वर्गात तिसऱ्या बाकावरून मागे फिरत नाही. शेवटच्या बाकापर्यंत जातो. घाई करीत नाही, वही मागत नाही. उघडी दिसली तर एखादी खरी गोष्ट सांगतो. 'इथली सावली चुकली', 'ही रेघ चांगली आली'. एवढे बोलून पुढे जातो. कधी सकाळी दुखणे वाढलेले दिसते, मग दोन दिवस थोडे अंतर ठेवतो. आज तो दहावीत आहे. मधल्या सुट्टीत तो अजूनही आपणहून येत नाही. पण मी जवळ थांबलो तर आता तो वहीवर हात ठेवीत नाही.

गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला मी ओसरीवर गेलो. दरवर्षी मीच टांगतो. चवड्यांवर उभा राहिलो. उजवी टाच उठली तेवढी डावी उठेना, आणि हात खिळ्याला पुरेना. पत्नी म्हणाली, "स्टूल आणू का?" मी म्हटले, "नको, हातोडी आण." जुन्या खिळ्याच्या दोन बोटे खाली मी नवा खिळा ठोकला आणि कंदील लावला. जुना खिळा वर तसाच आहे. तो उपटून काढावा असे मला वाटले नाही.

यंदा मुले सुट्टीत पुन्हा भेटतील, पाहुणे येतील, फराळाची ताटे पुढे करताना पुन्हा तोच प्रश्न येईल, "काय, पाय बरा झाला ना?" खोटे बोलायचे नाही असे मी ठरवले आहे. उत्तरही शोधून ठेवले आहे.

"रोज वापरतो," असे सांगणार आहे.